वेळ वाचतो, पण कुणाचा?

वेळेच्या नियोजनाविषयीचा बहुतेक सल्ला एकट्या माणसाला उद्देशून दिलेला असतो. लवकर उठावे, दिवसाची यादी करावी, महत्त्वाचे काम आधी हातावेगळे करावे, फोन दूर ठेवावा, 'नाही' म्हणायला शिकावे. यातले एकही वाक्य चुकीचे नाही आणि यातल्या बऱ्याच गोष्टी मी स्वतः अनेक वर्षे पाळत आलो आहे. तरीही या सगळ्या सल्ल्यामागे एक गृहीतक आहे, ते असे की प्रत्येकाला दिवसाचे चोवीस तास सारखेच मिळतात आणि त्यांचे काय करायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. यातला पहिला भाग खरा आहे, दुसरा बहुतेक माणसांच्या बाबतीत खरा नाही. तास सारखे मिळत असले तरी त्या तासांवरचा हक्क सारखा मिळत नाही. कुणाचा दिवस सलग असतो, कुणाचा तुकड्यातुकड्यांनी जातो, आणि पुष्कळदा एकाचा दिवस सलग राहावा म्हणून दुसऱ्याच्या दिवसाचे तुकडे पडलेले असतात. म्हणून 'माझा किती वेळ वाचला' या प्रश्नाला जोडूनच 'तो कुणाच्या वेळातून वाचला' हे विचारले पाहिजे, त्याशिवाय वेळेचा हिशेब पुरा होत नाही, असे माझे मत आहे.

हे मत मी वाचून बनवलेले नाही. काही वर्षांपूर्वी कामाचा उरक कमी झाल्यासारखा वाटू लागला म्हणून मी पंधरा दिवस एका वहीत दर पाव तासाची नोंद ठेवली. माझे काम लिहिण्याचे आणि इतरांचे लिहिलेले तपासण्याचे आहे, आणि सकाळी सहा ते आठ हे दोन तास मी त्यासाठी राखून ठेवलेले होते. वहीत ते दोन तास उठून दिसत होते. दिवसाच्या बाकी रकान्यांत खाडाखोड, बाण, अर्धवट शब्द, आणि सहा ते आठच्या पुढे रोज एकच शब्द, 'लेखन'. मला त्या ओळीचे समाधान वाटत असे. पहिला आठवडा संपल्यावर पत्नीने ती वही चाळली आणि दुसऱ्या आठवड्यात तिने त्याच वहीच्या डाव्या, कोऱ्या पानांवर स्वतःच्या नोंदी करायला सुरुवात केली. तीही नोकरी करते.

त्यातले मंगळवारचे पान मी अजून ठेवले आहे. उजवीकडे माझे सहा ते आठ, एक शब्द. डावीकडे तेच दोन तास, एकूण सतरा नोंदी. बाबांची गोळी. मुलीला उठवले. कार्यालयाचा मेल उघडला. मुलीला पुन्हा उठवले. दार. मेल उघडला. भूगोलाची वही शोधली. बाबांनी हाक मारली. मेल उघडला. दुरुस्तीवाल्याचा फोन, संध्याकाळी येतो म्हणाला, संध्याकाळी कोण असेल ते बघायचे. ७.२० ला एक ओळ अशी : 'त्याला विचारायचे होते, लिहीत आहे म्हणून थांबले.' तो मेल सहा ओळींचा होता. सकाळच्या दोन तासांत तो चार वेळा उघडला गेला आणि शेवटी गेला कार्यालयातून, नऊ चाळीसला.

माझ्या शिस्तीतून ते दोन तास निर्माण झाले आहेत असे मी समजत होतो. शिस्त होती, हे मी नाकारत नाही, कारण कुणी झोपेतून उठवून मला टेबलाशी बसवले नव्हते. पण त्या दोन तासांच्या दारावर दुसरे कुणीतरी उभे होते, येणारी प्रत्येक गोष्ट अडवत होते, आणि त्या उभे राहण्याची किंमत त्याच पानाच्या डाव्या बाजूला नोंदली जात होती. 'नाही म्हणायला शिका' हा सल्ला मी उत्तम पाळला होता, कारण माझ्या वतीने 'हो' म्हणणारी व्यक्ती घरात होती. हे एका घरापुरते नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१८ मध्ये ६४ देशांतल्या वेळ-वापराच्या पाहण्या एकत्र करून जो अहवाल दिला, त्यानुसार बिनपगारी घरकाम आणि देखभाल यांत स्त्रिया दिवसाला सरासरी ४ तास २५ मिनिटे घालवतात, पुरुष १ तास २३ मिनिटे. आणि ही आकडेवारीही फक्त मिनिटे मोजते. ती मिनिटे सलग होती की सतरा ठिकाणी विखुरलेली, हे तिच्यात दिसत नाही, आणि माझ्या मते नुकसान तिथेच जास्त आहे.

कामाचा वेळ घड्याळाने मोजून त्याची आखणी करण्याची पद्धत ज्यांच्या नावाशी जोडली जाते, त्या फ्रेडरिक टेलर यांची गोष्ट या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात कच्च्या लोखंडाच्या सुमारे ४२ किलो वजनाच्या लगडी उचलून मालगाडीत भरणारे मजूर दिवसाला प्रत्येकी साडेबारा टन माल भरत. टेलर यांनी तो आकडा ४७ टनांवर नेल्याचे १९११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात सांगितले आणि त्यासाठी मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर केली. या कथनातल्या तपशिलांवर पुढे इतिहासकारांनी शंका घेतल्या आहेत, पण त्यातला एक मुद्दा टेलर यांच्या अनुयायांनीही फारसा पुढे आणला नाही. इतके जड ओझे असेल तर मजुराच्या हातात ते दिवसाच्या ४३ टक्के वेळच असले पाहिजे आणि उरलेले ५७ टक्के हात रिकामे असले पाहिजेत, असा टेलर यांचा हिशेब होता. कधी उचलायचे आणि कधी बसायचे, दोन्ही ठरलेले होते. थांबणे हा कामाचाच भाग होता.

ही पद्धत कारखान्यातून कचेरीत आणि कचेरीतून आपल्या खिशातल्या फोनपर्यंत आली तेव्हा घड्याळ आले, ५७ टक्के मागे राहिले. आणखी एक गोष्ट बदलली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. टेलर यांच्या व्यवस्थेत आखणी व्यवस्थापनाने करायची आणि मजुराने ती पाळायची, अशी विभागणी होती. ती विभागणी मजुराच्या बुद्धीचा अपमान करणारी होती आणि कामगारांनी तिला विरोध केला तो योग्यच होता. पण आखणी चुकली तर ती कुणाची चूक, हे तिथे निदान स्पष्ट होते. आज घड्याळ धरणारा आणि लोखंड उचलणारा एकच माणूस आहे. काम किती, ते कधी येणार, मध्येच काय टपकणार, हे ठरवतात इतर. दिवस कोलमडला की तो मात्र त्या माणसाच्या नियोजनाचा दोष ठरतो. मी अशी कितीतरी कष्टाळू माणसे पाहतो, ज्यांना रात्री झोपताना आपण आळशी आहोत असे वाटते. त्यांच्या दिवसाची नोंद कुणी ठेवली तर आळसाला त्यात जागाच सापडणार नाही.

तंत्रांना मी कमी लेखत नाही, त्यांतली काही खरोखर उपयोगी आहेत आणि त्यांच्यामागे चांगले संशोधन आहे. कामाला किती वेळ लागेल याचा आपला अंदाज पद्धतशीरपणे चुकतो, हे डॅनियल काह्नमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडले. १९९४ मध्ये रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तो केव्हा पुरा होईल असे विचारले तेव्हा त्यांचा सरासरी अंदाज ३४ दिवसांचा होता. सगळेच बिनसले तर किती लागतील, या प्रश्नावर त्यांनी ४९ दिवस सांगितले. प्रत्यक्षात लागले साडेपंचावन्न. म्हणजे वाईटात वाईट धरून केलेला अंदाजसुद्धा कमी पडला. यावर उपाय साधा आहे : पुढच्या कामाची कल्पना करण्याऐवजी मागच्या तशाच कामाला किती दिवस लागले होते ते पाहायचे आणि तोच आकडा धरायचा. मी हे करू लागल्यापासून माझी आश्वासने कमी झाली आणि पाळली जाऊ लागली.

तसेच लक्षाचे. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवले की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलो तरी मनाचा काही भाग पहिल्यापाशीच रेंगाळतो आणि दुसरे काम त्या प्रमाणात वाईट होते. मंगळवारच्या पानावरच्या त्या मेलकडे मी आता तसे पाहतो. तो चार वेळा उघडला गेला म्हणजे चार वेळा 'मी कुठे होते' हे आठवावे लागले, आणि भूगोलाची वही शोधतानाही तो डोक्यात होताच. अपुरी कामे अशी डोके खात राहतात, पण ती कधी, कुठे आणि कशी करायची याचा नेमका बेत कागदावर उतरवला की, काम पुरे झालेले नसतानाही, मनाची तगमग थांबते, असे ई. जे. मसिकॅम्पो आणि रॉय बाउमाइस्टर यांच्या २०११ मधल्या प्रयोगांत दिसले. यादी करण्याचा खरा फायदा तो आहे.

मात्र या प्रत्येक उपायाला एक पूर्वअट आहे. मागच्या अनुभवावरून अंदाज बांधायचा तर मुदत ठरवताना मला विचारले गेले पाहिजे. सलग काम करायचे तर सलग वेळ माझ्या हातात पाहिजे. 'कधी आणि कुठे' असा बेत लिहायचा तर ती वेळ आली असताना ती माझीच राहील याची थोडीफार खात्री पाहिजे. ज्याच्याकडे ही पूर्वअट आहे त्याला तंत्रे फळतात. ज्याच्याकडे नाही त्याला ती शिकवणे म्हणजे हातपाय बांधलेल्या माणसाला पोहण्याचे प्रकार समजावून सांगणे आहे. सल्ला देणारे बहुतेक पहिल्या वर्गातले असतात आणि घेणारे बहुतेक दुसऱ्या, म्हणून इतका सल्ला उपलब्ध असून इतकी माणसे हताश आहेत.

तंत्रांनी वेळ वाचला तरी तो वाचवणाऱ्याकडे राहतो का, हा पुढचा प्रश्न. जोअन व्हॅनेक यांनी १९७४ मध्ये अमेरिकेतल्या घरकामाच्या वेळेचा अभ्यास प्रसिद्ध केला. नोकरी न करणाऱ्या गृहिणी १९२४ मध्ये आठवड्याला सुमारे ५२ तास घरकाम करत होत्या. १९६० च्या दशकात वीज, नळ, धुलाईयंत्र, झाडण्याचे यंत्र असे सगळे आल्यानंतर त्यांचे तास झाले ५५. यंत्राने कपडे धुण्याचा वेळ वाचवला, पण कपडे किती वेळा धुवायचे याची अपेक्षाही वाढली, आणि पूर्वी बाहेर दिले जाणारे धुणे घरात आले. अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३० मध्ये भाकीत केले होते की शंभर वर्षांत माणसाला आठवड्याला पंधरा तास काम पुरेसे होईल. ती शंभर वर्षे आता पुरी होत आली आहेत. उत्पन्नवाढीचा त्यांचा अंदाज साधारण बरोबर ठरला, पंधरा तासांचा मुळीच नाही. पत्र टपालाने जात असे तेव्हा उत्तराला आठवडा लागला तरी कुणी रागावत नसे. ते क्षणात जाऊ लागल्यावर उत्तराची अपेक्षा तासावर आली. सुटलेल्या वेळेवर आधी कुणाचा हक्क, हे ठरवून ठेवलेले नसेल तर ती अपेक्षा त्या वेळेला गिळते, मग यंत्र कितीही वेगवान असो.

मराठीत एक अर्थपूर्ण शब्दप्रयोग आहे, 'माझी खोटी झाली'. दुसऱ्याच्या दिरंगाईमुळे आपले अडून राहिले, आपला वेळ फुकट गेला, असा त्याचा अर्थ. 'खोळंबा' हा त्याचाच थोरला भाऊ. या शब्दांत एक शहाणपण आहे जे 'वेळेचे नियोजन' या शब्दांत नाही, कारण त्यांत दुसरा माणूस गृहीत धरलेला आहे. माझी खोटी आपोआप होत नाही, कुणीतरी ती करतो, आणि मीही कुणाची तरी करत असतो.

हिशेब करून पाहावा. एका सूचनेचे पत्र मी घाईघाईत लिहिले, त्यात तारीख आणि ठिकाण यांचा नीट उल्लेख केला नाही, आणि ते चाळीस जणांना पाठवले. नीट लिहायला आणखी दहा मिनिटे लागली असती, ती मी वाचवली. चाळिसांतल्या प्रत्येकाने ते समजून घेण्यासाठी, कुणाला तरी विचारण्यासाठी पाच मिनिटे घालवली तर दोनशे मिनिटे गेली, म्हणजे तीन तास वीस मिनिटे. माझ्या नोंदवहीत दहा मिनिटांचा फायदा आणि बाकी चाळीस वह्यांत मिळून वीसपट तोटा, आणि या चाळीस वह्या कुणीच एकत्र पाहत नाही. बैठकीचेही असेच. नऊ जण वेळेवर येऊन बसले आहेत आणि ज्यांनी बोलावले ते वीस मिनिटांनी आले, तर तीन मनुष्यतास संपले. उशिरा येणारी व्यक्ती मात्र त्या दिवशी अत्यंत कार्यक्षम ठरते, कारण मधल्या वीस मिनिटांत तिने दोन फोन उरकलेले असतात. ते दोन फोन नऊ जणांच्या खर्चाने झाले.

कुणी कुणासाठी ताटकळायचे हे योगायोगाने ठरत नाही. समाजशास्त्रज्ञ बॅरी श्वार्ट्झ यांनी १९७४ मध्येच मांडले की वाट पाहण्याची वाटणी सत्तेच्या वाटणीला धरून होते : ज्याची गरज जास्त तो थांबतो, ज्याच्या हातात देण्यासारखे काही आहे तो थांबवतो. रुग्ण थांबतो, अर्जदार थांबतो, नोकरीच्या मुलाखतीला आलेला थांबतो, कनिष्ठ थांबतो. ही माणसे वेळेचे नियोजन कितीही उत्तम करोत, त्यांच्या दिवसाचा मोठा भाग दुसऱ्याच्या दाराबाहेरच्या बाकावर जाणार आहे. सकाळी दहाला बोलावून दुपारी दोनला आत घेतले, तर ते चार तास कोणत्याही संस्थेच्या खर्चात धरले जात नाहीत. बाकावर बसलेल्याच्या रोजगारातून, झोपेतून, मुलांना दिलेल्या शब्दातून ते जातात. कार्यक्षमतेचा अभिमान बाळगणाऱ्या अनेक संस्था मुळात अशाच कार्यक्षम असतात. आपले नियोजन करण्याची जबाबदारी त्या बाहेरच्या बाकावर ढकलतात.

यावर एक आक्षेप येईल आणि तो मी गंभीरपणे घेतो. सगळा दोष व्यवस्थेवर आणि इतरांवर टाकला तर माणूस स्वतः काही करणारच नाही, आणि दिवसाचे तासचे तास फोनचा पडदा सरकवण्यात घालवणाऱ्याला हे आयते निमित्त मिळेल. चालढकल ही खरी गोष्ट आहे. मीही ती करतो, आणि ती करताना माझ्या दारावर कुणी अन्याय करत नसतो. पण चालढकलीविषयी संशोधकांनी जे शोधले आहे तेही पाहायला हवे. फ्यूशिया सिरॉय आणि टिमथी पिचिल यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की चालढकल ही मुळात वेळेच्या आखणीतली चूक नसते. ज्या कामाने मनात भीती, कंटाळा किंवा कमीपणा येतो ते काम टाळून तेवढ्यापुरते बरे वाटून घेण्याची ती धडपड असते. आणि तसे असेल तर आणखी कडक वेळापत्रक, आणखी स्वतःला टोचून बोलणे, याने ती वाढण्याचीच शक्यता जास्त. ज्या कामाची भीती वाटते त्याचा अगदी लहान, पहिला तुकडा करून बघणे, किंवा ते काम ज्याने दिले त्याच्याकडे जाऊन 'मला यातले हे कळत नाही' असे सांगणे, याने ती सुटते असा माझा अनुभव आहे. त्यातला दुसरा उपाय करता यावा म्हणून समोरच्याकडे ऐकण्याची तयारी आणि सवड असावी लागते. पुन्हा आपण एकट्या माणसाच्या बाहेरच येतो.

आणि थकव्याचे काय? दिवसभर दुसऱ्यांच्या हाकांना धावून जाणारा माणूस रात्री अकरा वाजता फोनमध्ये हरवतो तेव्हा तो वेळ वाया घालवतो आहे, असे म्हणायला मी धजत नाही. दिवसातली ती पहिली पाऊण घटका असते जिच्यावर फक्त त्याचा ताबा असतो. ती झोपेतून काढलेली असते, म्हणून ती त्याला महागात पडते, हे खरे. पण उपाय त्या पाऊण घटकेवर टीका करण्यात नाही, तशी मोकळीक त्याला दिवसाउजेडी मिळण्यात आहे.

जास्त तास काम हाच उत्पादकतेचा मार्ग आहे, असे अजूनही मोठ्या अधिकारवाणीने सांगितले जाते, त्याविषयी थोडक्यात सांगून पुढे जातो, कारण हा वाद पुराव्याच्या पातळीवर बऱ्याच अंशी मिटलेला आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या, मुख्यतः स्त्री कामगारांच्या नोंदी अर्थतज्ज्ञ जॉन पेन्कावेल यांनी शंभर वर्षांनी पुन्हा तपासल्या, तेव्हा आठवड्याला ७० तासांत झालेले उत्पादन ५६ तासांतल्या उत्पादनापेक्षा फारसे वेगळे नव्हते. चौदा तास अंगमेहनतीचे गेले आणि हाती जवळजवळ काहीच लागले नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये काढलेला अंदाज याहून गंभीर आहे : आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम केल्यामुळे २०१६ या एका वर्षात पक्षाघात आणि हृदयविकाराने सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे दगावली. ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका या लोकांत ३५ टक्क्यांनी जास्त होता. हे कळल्यावरही जो जास्त तासांचे गोडवे गातो, त्याने ते तास कोण भरणार आहे हे आधी सांगावे.

मग करायचे काय? सार्वजनिक पातळीवर वेळेची सीमा सगळ्यांनी मिळून आखता येते, हे इतिहासात झालेले आहे. दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही कारखान्यांसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अगदी पहिल्या कराराने १९१९ मध्ये घातली. ती मजुरांनी एकेकट्याने 'नाही' म्हणायला शिकून आलेली नव्हती. एकटा 'नाही' म्हणाला असता तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा राहिला असता. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना कामाच्या वेळेनंतर संपर्क तोडण्याच्या हक्काविषयी कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी करणे कायद्याने आवश्यक झाले, त्यामागेही हेच तत्त्व आहे. रात्री नऊच्या संदेशाला उत्तर न देण्याची हिंमत प्रत्येकाने वेगवेगळी गोळा करावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. एकाने उत्तर दिले की दुसऱ्याचे न देणे ठळक होते. नियम सगळ्यांना एकदम लागू झाला तरच तो कुणाच्या हिमतीवर अवलंबून राहत नाही.

घरात कायदा येत नाही, तिथे वही येते. आम्ही त्या मंगळवारनंतर सहा ते आठ या वेळेचे दोन भाग केले. पहिला तास माझ्या टेबलाचा, दुसरा तिचा, आणि ज्याचा तास नसेल त्याने दारावर उभे राहायचे. सुरुवातीला मी 'मदत' करत होतो, म्हणजे गोळी कोणती, वही कुठे असते, दुरुस्तीवाल्याचा नंबर काय, हे सगळे तिला विचारून करत होतो, आणि तिच्या पानावर 'सांगितले', 'दाखवले' अशा नोंदी पडत होत्या. हात माझे होते, लक्ष तिचेच चालले होते. गोळ्यांची वेळ, शाळेच्या सूचना आणि दुरुस्तीची कामे लक्षात ठेवण्यासकट माझ्याकडे आली तेव्हा कुठे तिच्या त्या तासाच्या रकान्यात एकच शब्द दिसू लागला. मला याला दोन महिने लागले. काम वाटून घेणे सोपे असते, कामावर नजर ठेवण्याची जबाबदारी वाटून घेणे कठीण. ती न वाटता केलेली वाटणी कागदावर चांगली दिसते आणि प्रत्यक्षात काही बदलत नाही. माझे लेखन एका तासावर आल्याने निम्मे झाले नाही, पण घटले जरूर, आणि ते घटणे मी मान्य केले पाहिजे, कारण वाढलेला भाग माझा नव्हताच.

कामाच्या ठिकाणी मी एवढेच सुचवू शकलो की खोळंब्याची नोंद ठेवावी. हजेरी प्रत्येक संस्था मांडते, उशिराची मिनिटे कापून घेते, पण संस्थेने इतरांची केलेली खोटी कोणत्याही रजिस्टरात येत नाही. आमच्या गटात आम्ही बैठकीच्या इतिवृत्ताच्या तळाशी दोन आकडे लिहायला लागलो : किती जण थांबले आणि किती मिनिटे थांबले. नाव कुणाचे लिहायचे नाही, नुसता गुणाकार. पहिल्या महिन्यात तो गुणाकार एका बैठकीला दोन तास दहा मिनिटे इतका झाला आणि काहींना ही नोंद अपमानकारक वाटली, त्यावर बराच वेळ चर्चाही झाली. बैठका लगेच वेळेवर सुरू झाल्या असे नाही. आधी बदलली ती बोलावलेल्यांची यादी. ज्यांना केवळ 'असू द्या' म्हणून बोलावले जाई त्यांची नावे गळाली, तेरा जणांच्या ठिकाणी सहा जण येऊ लागले, आणि उरलेल्या सात जणांना त्या दिवशी दुपारी तीन ते चार हा तास परत मिळाला.